मूळ प्रतीवरचा डाग

नोंदणी कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेल्या त्या गृहस्थांना सगळे 'मूळप्रत' म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं कमावलं होतं. खिडकीसमोर कुणीही, कितीही घाईचं काम घेऊन येवो, ते चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "मूळ प्रत कुठाय?" माणूस समोर धडधाकट उभा असला, तरी दाखल्याची मूळ प्रत हातात पडेपर्यंत त्याच्या जन्माबद्दल ते कुठलंही मत देत नसत.

बायको शाळेतून निवृत्त झाली आणि तिला मिळालेल्या पैशांतून घरात नवी गाडी आली. गाडी तिला एकाच कारणासाठी हवी होती. तिची थोरली बहीण डोंगरावरच्या गावात एकटी राहायची. बस पायथ्याशीच थांबायची आणि पुढची चढण हिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. गाडी दारात आली त्या दिवशी ती गाडीभोवती हौसेनं फिरत होती, आणि हे पुढच्या सीटवर बसून वॉरंटीच्या अटी वाचत होते.

आठवडाभरात त्या अटी त्यांना पाठ झाल्या. गाडी बघायला आलेल्या मेहुण्यानं सहज विचारलं, "म्हणजे दाजी, पाच वर्षं काळजीच नाही?"

"कोण म्हणतं? सगळ्या गाडीची वॉरंटी तीनच वर्षं. पाच वर्षं फक्त पॉवरट्रेनची. म्हणजे जोर तयार करणारं इंजिन, तो कमीजास्त करणारा गिअरबॉक्स आणि तो चाकापर्यंत नेणारे दांडे. ब्रेक त्यात नाहीत, बॅटरी नाही. क्लचप्लेटही नाही, कारण ती झिजणार हे कंपनीनं आधीच गृहीत धरलंय. शिवाय वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, कंपनीच्याच सेंटरात सर्व्हिसिंग. आणि सर्व्हिस बुकात शिक्का."

"मग गाडी चालवायची कधी?"

"चालवायची. पण जपून."

हे जपणं चार वर्षं चाललं. बायको म्हणायची, "या सुट्टीत ताईकडे जाऊ या ना." हे म्हणायचे, "पहिलं सर्व्हिसिंग होऊ दे." मग दुसरं होऊ दे. मग रस्ता दुरुस्त होऊ दे. गाडी ऑफिसला जायची, मंडईत जायची आणि ठरल्या तारखेला सर्व्हिसिंगला जायची. तिथून ती इतकी चकचकीत होऊन यायची की तिला डोंगरावर नेणं त्यांच्या जिवावर येई.

मग ताईचा फोन आला. मुलगा तिला कायमचं परदेशी घेऊन चालला होता. महिनाअखेरीस घर बंद. "एकदा येऊन जा गं," एवढंच ती म्हणाली. बायकोनं त्याच संध्याकाळी बॅग भरून दारात ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी मंडईच्या चौकात गाडीचा गिअरबॉक्स किंचाळला आणि अडकला.

मूळप्रत मात्र खुशीत होते. टो करून आणलेल्या गाडीमागोमाग ते सेंटरात शिरले ते वरातीत शिरल्यासारखे. गिअरबॉक्स! पॉवरट्रेन! चार वर्षं आणि दोन महिने! मेकॅनिकनं बघून सांगितलं, आतला दोष आहे, वॉरंटीत बसेल, चार दिवसांत गाडी देतो. क्लेमच्या टेबलावरच्या बाईंनी हात पुढे केला.

"सर्व्हिस बुक?"

त्यांनी स्पायरल बाइंडिंग केलेलं पुस्तक ठेवलं. चारही शिक्के जागच्या जागी, पानापानावर त्यांची सही.

बाईंनी पान उलटलं, बोटानं चाचपलं आणि चष्म्याच्या वरून बघितलं. "ही झेरॉक्स आहे. मूळ प्रत कुठाय?"

आपलंच वाक्य समोरून ऐकण्याची त्यांना सवय नव्हती. "मूळ प्रत घरी आहे. कपाटात. गाडीत ठेवली तर खराब होईल म्हणून मी शिक्के या प्रतीवर घेत होतो."

"म्हणजे मूळ प्रतीवर एकही शिक्का नाही?"

"एक डागसुद्धा नाही," ते अभिमानानं म्हणाले आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते.

"अहो, पण तुमच्या कॉम्प्युटरवर चारही नोंदी आहेत की!" ते घाईनं म्हणाले.

"आहेत. मला दिसतायत. पण क्लेमला मूळ पुस्तक लागतं, आणि मागच्या तारखेचे शिक्के मी मारू शकत नाही." मग बाईंनी आवाज खाली आणला. "काका, पुस्तक हरवलं किंवा खराब झालं असा अर्ज द्या. कॉम्प्युटरवरच्या नोंदींसकट दुय्यम प्रत देते. ती चालते."

"पण ते हरवलेलं नाही."

"तेच तर दुखणं आहे."

घरी येऊन त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पुस्तक काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत. चार वर्षांत पान दुमडलेलं नव्हतं. सगळी हकीकत सांगून ते म्हणाले, "खोटा अर्ज मी जन्मात लिहिला नाही. लोकांचे परत केलेत."

बायको शेगडीपाशी उभी होती. "बाहेरून दुरुस्त करून घेऊ या?"

"तेवढे पैसे आता नाहीत."

"आणि ताई जाणार अकरा दिवसांनी."

त्यांनी पुस्तक टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवलं.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "तुम्ही खोटं अजिबात लिहू नका." तिनं उतू गेलेल्या दुधाचं पातेलं चिमट्यानं उचललं आणि त्या पुस्तकावर ठेवलं. वर चांगलं दाबलं. बाजूनं थोडं दूध ओघळून पानांत शिरलं.

ते उठले, अर्धवट हात पुढे केला आणि तसेच उभे राहिले. पातेलं उचललं तेव्हा मुखपृष्ठावर तपकिरी वर्तुळ उमटलं होतं आणि पानं एकमेकांना चिकटली होती.

"झालं ना खराब? आता लिहा खरं खरं."

त्यांनी कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं : 'सदर पुस्तक घरगुती कारणाने खराब झाले असून मूळ प्रत सोबत जोडली आहे.' सही केली. तारीख घातली. चपला पायात सरकवल्या.

"सेंटरात निघालात?"

"आधी कोपऱ्यावर," ते म्हणाले. "मूळ प्रत द्यायची म्हणजे तिची एक झेरॉक्स काढून ठेवायला हवी."

"डागासकट?"

"अर्थात. खरी प्रत यायला नको?"