मिस्त्रींच्या गाडीचा पंख

नेरडीगोंड्याहून निरोप आला तेव्हा मी, नुकताच निवृत्त होऊन आदिलाबादला राहायला आलेला, अंगणात दाढी करत होतो. ‘तुमचे मिस्त्री गेले,’ एवढंच माझ्या पुतण्यानं सांगितलं. अर्धी दाढी तशीच राहिली... सुखदेव मिस्त्री ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. नेरडीगोंड्याला हायवेवर त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यासमोरच्याच शाळेत मी विज्ञान शिकवायचो. तीस वर्षांची आमची मैत्री. त्यातली पंचवीस वर्षं मी एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची टाळली, ती आज लिहितो आहे.

मिस्त्रींना शर्यतीच्या मोटारींचं वेड होतं. खरी शर्यत त्यांनी जन्मात पाहिली नाही. मी मीटिंगला आदिलाबादला गेलो की रद्दीवाल्याकडून मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं आणायचो आणि दुपारच्या सुट्टीत त्यांना अर्थ सांगायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात. मिस्त्री गावभरच्या पोरांना बैल करून द्यायचे आणि स्वतःसाठी दरसाल एक शर्यतीची गाडी. पहिली लांब नाकाची होती, पुढे इंजीन आणि मागे ड्रायव्हर. मग मासिकातली इंजिनं ड्रायव्हरच्या पाठीमागे गेली. मिस्त्रींना ते पटेना. ‘बैल गाडीच्या मांगं काऊन जुंपून राह्यले हे लोक?’ मी वजनाचं, चाकांच्या पकडीचं समजावलं. त्यांनी तशी गाडी करून पाहिली आणि म्हणाले, ‘बरोबर हाय, मास्तर.’ ते ऐकून माझी छाती फुगायची. आमच्या बौद्ध वस्तीतून मास्तर झालेला मी पहिलाच. माझं कुठे चुकतंय का, याकडे डोळे लावून बसलेले लोक गावात कमी नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मासिकांतल्या गाड्यांना पंख फुटले. मागे, खांबांवर बसवलेली रुंद फळी. सोबतचा मजकूर मला कळला नाही. तसं म्हणायला हवं होतं... ‘इमानाचा पंख असते तसाच,’ मी ठोकून दिलं, ‘वरून फुगीर, खालून सपाट.’

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. ‘इमान त उडते, मास्तर. गाडी उडून कसं जमन?’

‘हलकी होते म्हनून जोरात पळते!’ माझा आवाज चढला. त्यांनी पेन्सिल घेऊन पंख आखायला सुरुवात केली.

सावरीच्या हलक्या लाकडाची दीड हात लांब गाडी झाली, तिच्यावर पत्र्याचा पंख. तान्ह्या पोळ्याला मारुतीच्या पारासमोर सारा गाव जमला. मोटारसायकलच्या मागे दोरीनं गाडी बांधली. वेग आला तशी तिची शेपटी उचलायला लागली आणि शाळेच्या वळणावर ती कोलांटी खाऊन उताणी पडली. लोक पोट धरून हसले. ‘मिस्त्री, हे कोनी शिकवलं तुमाले?’ पाटलांनी विचारलं. मी चार हातांवर उभा होतो. ‘कोन कायले शिकवन?’ मिस्त्री धोतराची धूळ झटकत म्हणाले, ‘माह्याच डोक्यातलं खूळ.’

पुढच्या सालच्या गाडीला त्यांनी पंख उपडा बसवला. आता हवा गाडीला उचलत नव्हती, खाली दाबत होती, आणि ती वळणावर रस्ता धरून राहिली. तोवर मीही शब्दकोश घेऊन तो मजकूर पुन्हा वाचला होता. ‘कोनी सांगतलं?’ मी विचारलं. ‘पडलेल्या गाडीनं,’ ते म्हणाले. वर्षं गेली. पुढे गाड्यांचं पोटच पंखासारखं घडवायला लागले, बाजूंना झालरी लावून बाहेरची हवा खाली शिरू द्यायची नाही. मग इंजिनं लहान झाली, सोडलेल्या धुराच्याच जोरावर जास्तीची हवा ओढू लागली. ते पोटाचं वाचून दाखवलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, ‘म्हंजे आता पुरी गाडीच उपडा पंख झाली,’ आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात टोचणी नव्हती. बोलायची तीच वेळ होती. मी पान उलटलं.

तेराव्यानंतर मी गेलो. शेडमधल्या फळीवर सगळ्या गाड्या ओळीनं होत्या. वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नीनं, एकेक पदरानं पुसून हातात दिली. प्रत्येकीच्या पोटाला मिस्त्रींनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. ‘इंजीन मागं. मास्तर बरोबर.’ ‘झालर घासते.’ त्या उताण्या पडलेल्या गाडीचा वाकलेला पत्राही त्यांनी सरळ केला नव्हता. उलटून पाहिलं. ‘पंख चुकला. चूक माही.’ तिच्यावर माझं नाव कुठेच नव्हतं.

‘काय लिवलं हाय?’ वहिनींनी विचारलं. मी वाचून दाखवलं. मग म्हणालो, ‘वयनी, हे खोटं हाय. चूक माही होती.’

वहिनी म्हणाल्या, ‘ठाऊक हाय मले. त्याच दिशी जेवताना सांगतलं त्यायनं. म्हने, लोकायले कायले सांगाचं? मास्तर सोताहून सांगन एखाद्या दिशी.’

पंचवीस वर्षं ते रोज समोरच्या शेडमध्ये वाट पाहत होते आणि मी रोज समोरून जात होतो... मला रडू आवरलं नाही. रंध्याशेजारी त्यांची चपटी पेन्सिल पडली होती. मी ती उचलली. त्यांची ओळ खोडली नाही, खाली फक्त लिहिलं, ‘मास्तरची.’ आणि गाडी होती तिथेच ठेवली.