दक्षिण पट्ट्यातली चाळीस रोपं

भुताखेतांवर विश्वास ठेवायला आमच्या घरात कुणाला सवडच नव्हती. वडील कोल्हापूरच्या गूळ बाजारात हमाल. हातकणंगल्याहून सकाळची पॅसेंजर धरायची आणि दिवसभर पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, वाहायच्या. आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला. एका पावसाळ्यात वडिलांची पाठ धरली, तेव्हा दोन महिने आम्ही आंबील आणि चटणीवर काढले... पण माझी शाळा एक दिवस चुकू दिली नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. हे मी मुद्दाम सांगते. आणि हेही सांगते, की ज्याचं माप घेता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच — निदान ही गोष्ट घडेपर्यंत नव्हतं.

आमच्या संस्थेनं शाहूवाडीतल्या एका उघड्याबोडक्या डोंगरावर अनुदानातून झाडं लावली होती. तीन वर्षांत काय साधलं ते मोजायचं आणि अनुदान देणाऱ्यांना कळवायचं, या कामावर मला उन्हाळ्यात घेतलं. डोंगराचे दोन पट्टे, उत्तर आणि दक्षिण. प्रत्येकात चाळीस रोपांशेजारी पत्र्याचे नंबर ठोकलेले. मी नंबर ओरडायचा, रोप जिवंत की मेलं ते सांगायचं. राखणदार तात्यांनी तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. मग मी लिहायचं.

शिवाय दक्षिण पट्ट्यात पक्ष्यांसाठी एका झाडाला रेकॉर्डर बांधलेला. रोज पहाटे तासभर आपोआप चालतो. दर सोमवारी सकाळी तात्या त्यातलं कार्ड काढून दुधाच्या गाडीबरोबर कोल्हापूरला ऑफिसात पाठवायचे.

उत्तर पट्टा मोजून झाला. चांगला जगला होता. पावसानं वाट खचली, ती नीट होईपर्यंत दक्षिण राहिला; तात्या तेवढे कार्डासाठी कसेबसे चढायचे. तिथं मी तोवर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

"अगं, उत्तरेचाच आकडा टाक दक्षिणेला," संस्थेचे सर म्हणाले. "एकच डोंगर तो. शुक्रवारी रिपोर्ट जायला पाहिजे."

"गुरुवारी जाऊन येते सर. न बघता लिहायचं नाही मला."

"भारीच हट्टी आहेस!"

बुधवारी ऑफिसात त्या आठवड्याचं कार्ड लावलं. शेवटची फाईल सोमवार पहाटेची. कानाला हेडफोन. आधी कुर्टुक, मग रानकोंबडा... आणि मग मी.

हो, मीच. माझा आवाज.

"लाभ... जिवंत. दोन... जिवंत. तीन... मेलं."

आमचे वडील रवे मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बाजारात सगळेच म्हणतात. मीही तशीच मोजायचे. कॉलेजात मुली हसल्या, तेव्हापासून सोडलं. पण फाईलमधली मी 'लाभ'च म्हणत होते. प्रत्येक रोपानंतर थोडी शांतता... तात्यांना परत म्हणायला लागते तेवढीच. पण परत कुणी म्हणत नव्हतं. असं चाळीसपर्यंत. मग पुन्हा रानकोंबडा.

त्या पहाटे मी घरी, वडिलांचा चहा करत होते. फाईलची तारीख, वेळ तीनदा बघितली. मग काय करावं ते न सुचून ऐकलेलं सगळं वहीत उतरवलं. जिवंत सतरा, मेलेली तेवीस. वही पिशवीत टाकली.

गुरुवारी डोंगरावर धुकं. तात्या पुढं, मी मागं. मी मुद्दाम 'एक' म्हणून सुरुवात केली. सहापर्यंत वहीशी तंतोतंत जुळलं. सातवं वहीत 'मेलं' होतं... आणि समोर हिरवंगार जांभूळ! मला हसूच फुटलं. चुकलं! म्हणजे ते सगळं काहीतरीच होतं.

"काय झालं ओ हसायला?"

"काही नाही तात्या. सात... जिवंत."

तात्या परत म्हणालेच नाहीत.

"तात्या?"

"...जिवंत. चला की म्होरं म्याडम, पाऊस याय लागलाय."

काय वाटलं कुणास ठाऊक, मी वाकून जांभळाला हात घातला. ते अलगद वर आलं. खाली मूळ नाही. कोयत्यानं तिरका घाव घातलेली नुसती फांदी.

तात्या दगडावर बसले.

"हे सरांनी करायला सांगितलं?" मी विचारलं.

"न्हाई ओ. माझं मीच. तीन वरसं खांद्यावरनं पाणी घातलंय. मेली म्हटल्यावर, म्हातारा झोपा काढत हुता म्हणतील की! आन् म्होरचा पैका आला न्हाई तर डोंगर पुन्यांदा बोडका."

"किती रोवल्यात?"

"चौदा. सोमवारी फाटंच."

सोमवारी... मी फोनवर फाईल लावली.

"ही तुमीच की!" तात्या म्हणाले.

"हीच ती सोमवारची पहाट आहे, तात्या."

त्यांचा चेहरा उतरला. "हितंच हुतो की मी त्या वक्ताला. कुणी न्हवतं म्याडम... पर मागनं कोणतर येतंय असं वाटत हुतं. फांदी रवली की वळून बघत हुतो."

आणखी एक. तात्यांना बिडीचा खोकला आहे, अर्ध्या डोंगराला ऐकू जातो. त्या तासाभरात एकही खोकला नाही. रानकोंबडा आहे, पानांवरचे थेंब आहेत, मी आहे. तात्या नाहीत.

बाकीची रोपं हलवून बघत गेलो. चौदाच्या चौदा फांद्या वहीतल्या 'मेलं'समोरच निघाल्या. खरी जिवंत सतरा.

सरांना फांद्यांचंही सांगितलं. त्यांनी माझी वही चाळून बघितली. "सतरा लिहिलंस तर अनुदानाचा पुढचा टप्पा गेला. तुझं काम त्यावरच आहे, माहितेय ना?"

"माहितेय सर. वडील अजून रवे उचलतात. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

सतराच लिहिले. तात्यांचं नाव घातलं नाही. ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिनाभर उत्तर नाही. मग अनुदानवाले स्वतः आले, खड्डा खणायला लावला. हातभर खाली सगळा कातळ. म्हणाले, आधी माती अडवा, मग झाडं लावा. तेवढ्यासाठी पुढचा टप्पा दिला.

रेकॉर्डर विकणाऱ्याकडं मशीन तपासून घेतलं. घड्याळ अचूक. आवाजाचं काम करणाऱ्या मैत्रिणीला फाईल ऐकवली. जोडतोड नाही, आवाज तुझाच, म्हणाली. याचं उत्तर कुणी दिलंच, तर मी ते तपासून बघेन... पण एकटीनं ती फाईल आता ऐकत नाही.

बंधारे घालून पुन्हा लावलेल्या दक्षिण पट्ट्याची मोजणी यंदा झाली. चाळीसपैकी चौतीस जिवंत. एकेका रोपाला मी स्वतः धरून हलवून बघितलंय. रिपोर्ट गेला, आणि मान्य झाला.