फजलची लोखंडी टोपी

एकोणीसशे अठ्ठावन्नात खाडीकाठचे निम्मे जवान तेल काढायला कतारला निघाले, तेव्हा फजलही निघाला. रत्नागिरीकडे बोलवा अशी, की तिथं वाळूत काठी खुपसली की पैसा वर येतो. फजलने दुखानच्या छावणीत तीन दिवस लोखंडी नळ उचलले आणि चौथ्या दिवशी उन्हात आडवा झाला. तेल कंपनीने त्याला दोह्याला परत धाडला. तेलाचा थेंबसुद्धा बिचाऱ्याच्या नजरेला पडला नव्हता.

पण गडी चिवट. दोह्यातल्या मुशैरिब मोहल्ल्याच्या खोल्यांत कोकणी पोरं खुबूस, म्हणजे अरबी रोटी, चघळत घरच्या भाकरीसाठी झुरत होती. फजलने आईकडून लाँचने जातं मागवलं, तांदूळ दळला आणि पिठाची उकड काढून भाकऱ्या थापायला बसला. बाप्याने भाकरी थापायची! सगळे आधी फिदीफिदी हसले, मग रांग लावून जेवले. कुणी तापाने पडला तर पेज घेऊन फजलच जायचा. काम सुटलेल्याला ताटावर बसवायचा आणि पैशांचा विषय न काढता गप्पा गावच्या माशांच्या मारायचा.

लबाडी केली ती एकच. गावात लाँचीवरच्या खलाशांचा म्होरक्या इनायत तांडेल छातीठोकपणे सांगायचा, "माझी पोर तय्यबा देईन ती तेल कंपनीवाल्यालाच!" आणि फजलचा जीव मिसरूड फुटल्यापासून तय्यबावर. मग काय, तेल कंपनीत कामाला असलेल्या मन्सूरची कामावरची लोखंडी टोपी डोक्यावर चढवून त्याने ऐटीत फोटो काढला नि गावी धाडला. फोटो तांडेलाच्या ओटीवर लागला, मंगनी ठरली.

आता खरी गंमत. बासष्टच्या हिवाळ्यात तांडेलाची लाँच दोह्याला लागली. सूक वाकिफच्या बाजारात दालचिनी हुंगत फिरताना त्याच्या कानावर थपथप, थपथप आली. ओल्या हातावरच्या तांदळाच्या भाकरीचा आवाज कोकणी कान कुठंही ओळखतो. त्या आवाजामागे स्वारी थेट फजलच्या गल्लीत!

फजलने त्याला पाहिलं. पळायला वाट नव्हती. मन्सूर जेवायला बसला होता. त्याची टोपी उचलून फजलने डोक्यावर घातली आणि तव्यापुढे तसाच बसून राहिला.

"कंपनीत आहेस ना रे?" तांडेलाने विचारलं.

"होय चाचा."

"ही कसली कंपनी?"

मन्सूरला ठसका लागला. फजलने टोपी काढली. "भाकरीची, चाचा. तेलात तीन दिवस होतो, पिठात चार वर्षं झाली. खोटा फोटो धाडला, चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तर मंगनी खलास."

तांडेल फतकल मारून बसला. सुक्या बांगड्याच्या कालवणाबरोबर चार भाकऱ्या हाणल्या आणि आजूबाजूच्या जेवणाऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. इकडे फजल तव्याकडे बघायचंही विसरला.

"करपली बघ तव्यावरची," अखेर तांडेल म्हणाला. "मेल्या, वादळ उठलं की मी आधी रांधणाऱ्याला दोरीने बांधतो, मग शिडाकडे बघतो. शीड फाटलं तर शिवता येतं, रांधणारा वाहून गेला तर सगळे उपाशी. तय्यबा तुझीच. पण निकाहाला ही टोपी घालून ये. सगळ्या गावाला फोटो दाखवून बसलोय, माझी अब्रू जायची!"

महिनाभराच्या भाकऱ्या कबूल करून घेतल्याशिवाय मन्सूरने टोपी सोडली नाही. पठ्ठ्या सेहऱ्याखाली ती घालूनच निकाहाला बसला. पुढे दोह्यात परतल्यावर ती तव्याजवळच्या खुंटीला लटकली, आणि फजल तिच्यात कांदे ठेवायचा.