फ्रिजवरचं ओलं पोतं

आज सुनेनं माठाला ओलं पोतं गुंडाळलं आणि त्या तागाच्या वासानं मला औशाच्या घरातल्या आमच्या पहिल्या फ्रिजपाशी नेलं.

भर उन्हाळ्यात फ्रिज गार करीना. आत बायकोच्या साखरेच्या आजारावरच्या इंजेक्शनाची बाटली होती. ती नासली असती तर तिच्या जिवाचं अवघड झालं असतं. पण मेकॅनिकला बोलवायचं न्हाई, मीच नीट करणार, असा माझा हट्ट. फ्रिजची मागची जाळी तापलेली दिसली, म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलं. माठ गार होतो, मग फ्रिज का होणार न्हाई?

बायको हसायलाच लागली. "अवो, माठाला वारं लागतंय. ह्याचा तर तुम्ही जीव कोंडलाय!"

"मला शिकवू नको," म्हणालो, पण प्लग काढून पोतं उचललं. भिंतीला चिकटलेला फ्रिज दोघांनी पुढं ओढला. बाटली डबीत घालून तिनं माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली, जाळीवरची धूळ कुंच्यानं झाडली. जाळी वाळल्यावर फ्रिज चालू केला आणि गार व्हायची वाट बघत फरशीवर बसलो. तिचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं.

बऱ्याच वेळानं तिनं आत हात घातला. "गार हाय की!" म्हणत बाटली आत ठेवायला उठली.

तेव्हा औषध वाचलं, ह्याचाच आनंद. आता ती न्हाई. वाटतं, फ्रिजनं आणखी थोडा वेळ लावला असता तर बरं झालं असतं.