राखेनं घासलेलं मोजपात्र

ते मोजपात्र मी घासलं. सरांनी सांगितलं हे खरं. पण हात माझे होते. आज एवढ्या वर्षांनी मी ते सरांवर ढकलणार नाही.

सोलापुरातली शाळा, आठवीचा वर्ग. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. विज्ञानाच्या तासाला सरांनी काचेचं मोजपात्र टेबलावर ठेवलं. अख्ख्या शाळेत ते एकच. त्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा आणि आकडे. पन्नासच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, दोऱ्याला बांधलेली वस्तू आत सोडायची आणि पाणी किती चढलं ते वाचायचं. जेवढं चढलं तेवढं त्या वस्तूचं आकारमान. कुणी गोट्या आणल्या होत्या, कुणी कुलूप. मी मॉनिटर. पाणी भरायचं काम माझं.

शेवटच्या बाकावरून शांता आली. तिच्या हातात रुळाजवळचा काळा खडा. तिनं तो पाण्यात सोडला आणि वाचायला वाकली.

"ए, मागं हो! तोंड लावतीस काय त्याला?" सर ओरडले. "लांबनंच वाच."

ती दोन पावलं मागं सरली. उभ्यानंच वाचलं. "सत्तर."

"मॉनिटर, किती?"

मी वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. वरून पाहिलं की आकडा जास्त दिसतो हेही लिहिलं होतं. मला ते पाठ होतं.

"अडुसष्ट, सर."

"बघा. साधी रेघ वाचता येत नाही, आणि ह्यांना शिकवा म्हणतंय सरकार."

वर्ग हसला. मी हसलो.

"ते पाणी ओतून ये. राखेनं घास. तीनदा."

शांता माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. आम्ही दोघंही महारांचे. ती शाळेमागच्या वस्तीत राहायची, म्हणून सगळ्यांना माहीत. माझे वडील होटगीला रेल्वेत गँगमन. मी रोज गाडीनं यायचो. आडनाव गावावरून पडलेलं. मी कुठला, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शाळेच्या पहिल्याच दिवशी मी शांताला बजावलं होतं, "शाळेत मला ओळख देऊ नकोस." तीन वर्षं तिनं ते पाळलं.

तेव्हाही पाळलं. मी मोजपात्र उचललं तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. 'ह्यो माझ्या मावशीचाच हाय की,' एवढं म्हणाली असती तर मीही तिच्याशेजारी दोन पावलं मागं गेलो असतो. ती बोलली नाही.

ज्या गावात घागरीसाठी बाया तासन्‌तास उभ्या राहायच्या, तिथं मी ते स्वच्छ पाणी गटारात ओतलं. खडा बाजूला पडला. मी राख घेतली, काथ्या घेतला आणि घासलं. जोर लावून घासलं. सरांना दिसावं म्हणून घासलं. तीनदा सांगितलं होतं, मी पाच वेळा घासलं.

रंग निघाला. रेघा गेल्या, आकडे गेले. हातात नुसती कोरी काच राहिली.

सरांनी ती उजेडात धरून पाहिली. मग शांताकडं बोट केलं. "हिच्यापायी शाळेचं मोजपात्र गेलं. उद्यापासून प्रयोगाला येऊ नकोस."

मी राखेचे हात चड्डीला पुसले.

शांता दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आली नाही. आठ दिवस तिची जागा मोकळी होती. कुणी विचारलं नाही. सर रोज तासाला आले की म्हणायचे, "मॉनिटर, पाणी." मी माठातून तांब्या भरून द्यायचो, सर घटाघट प्यायचे. दोन वर्षं चाललेलं हे काम. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा दिसलं की मी काय करतोय आणि ते काय पितायत. राग आधी स्वतःचाच आला. मग त्यांचा.

नवव्या दिवशी मी तो खडा गटाराकाठून शोधून काढला आणि मावशीकडं गेलो. मावशी मिलमध्ये गेली होती. शांता भाकरी थापत होती. मी खडा तिच्यापुढं ठेवला. म्हणालो, "माझं चुकलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मान वर केली नाही.

"हितं कशाला सांगतूस? हितं तर तुला समदे वळखत्यात. जितं वळख दिली न्हाईस, तितं सांग की."

"तू येशील?"

"तू सांगनार आसशील तर यीन. न्हाईतर ह्यो दगड घे आन् जा होटगीला."

सोमवारी ती आली. शेवटच्या बाकावर बसली. सर आले. "मॉनिटर, पाणी."

मी तांब्या भरून दिला. ते प्याले. मिशी पुसली. मी तिथंच उभा राहिलो.

"काय रे?"

"सर, शांता माझी मावसबहीण आहे. सख्खी. आम्ही दोघं एकाच जातीचे. दोन वर्षं तुम्ही माझ्या हातचं पाणी पिताय. राख कुठं लावू?"

सरांचा हात तांब्यावर होता. तो त्यांनी असा काढला, जणू चटका बसला.

"बाहेर हो!"

मी बाहेर गेलो नाही. मॉनिटरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. खिशातला खडा काढला आणि बाकांच्या मधून शेवटपर्यंत चालत गेलो. सर मागून ओरडत होते. मी शांतासमोर उभा राहिलो आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो,

"शांते, ह्या खड्याचं आकारमान अठरा. तुला लांब उभं केलं म्हणून वीस दिसलं. मला जवळून दिसत होतं, पुस्तकातलं ठाऊक होतं, तरी मी हसलो. रेघा मी पुसल्या, आळ तुझ्यावर येऊ दिला. माझं चुकलं. आता ह्यांनी तुला जिथं उभं केलं, तिथंच मी उभा राहणार. आणि आपण दोघं वाकून, जवळून वाचणार."