दत्तूचा ठसका

हे मी माझ्या बायकोला, हौसाला, कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं — खरं तर तिलाच. ती गेली, आणि आता तुम्हाला सांगत बसलोय.

आम्ही निघोज्याचे. शेती भाऊ बघायचा, मी पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यात लागलो होतो. त्याच साली आमचा पहिला मुलगा झाला, दत्तू. अंगावर प्यायला लागला की त्याला ठसका लागायचा. साधा ठसका नव्हे — ओठ निळे पडायचे, नाकातून दूध यायचं. हौसा त्याला पालथा धरून पाठ चोळत राहायची. चाकणच्या डॉक्टरांनी कफाचं औषध दिलं. कफ उतरायचा, पुन्हा भरायचा. घरात कोणी धड झोपत नव्हतं.

शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे दत्तूच्या घशात नळीने पांढरं औषध सोडून फोटो काढला. सर्जननी मला एकट्याला आत बोलावलं. हौसा बाहेर व्हरांड्यात, त्याला मांडीवर घेऊन. त्यांनी फोटो खिडकीसमोर धरून दाखवला. अन्ननळी आणि श्वासनळी यांच्यामध्ये जन्मापासून एक बारीक वाट राहिली होती. दूध तिथून फुप्फुसात उतरत होतं. बरगड्यांमधून आत जाऊन ती वाट तोडायची आणि दोन्ही नळ्या शिवून घ्यायच्या, असं ऑपरेशन होतं.

"वाचेलच असं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण केलं नाही तर जगणार नाही. आजच ठेवा त्याला इथे."

"बायकोला विचारून येतो," म्हणालो, आणि बाहेर आलो.

हौसा उठून उभी राहिली. "काय म्हनले?"

तिथे — कसं सांगू? घाबरलो होतो, हे खरं. पण तेवढंच होतं का? एवढीशी छाती चिरायची, मग पुन्हा तेच दिवस, पुन्हा ठसका, पुन्हा ते निळे ओठ... मला ते संपायला हवं होतं. बापाला असं वाटतं का? मला वाटलं.

"उपाय न्हाई म्हनले," मी सांगितलं. "घरी न्या म्हनले."

ती रडली नाही. पोराला पदरात गुंडाळलं आणि चालायला लागली. थोड्याच दिवसांत दत्तू तिच्या मांडीवर गेला.

दोन-तीन वर्षांनी शेजारच्या शांताच्या तान्ह्या मुलीला तसाच ठसका लागू लागला. त्यांनी तिला पुण्याला नेलं. त्याच सर्जननी ऑपरेशन केलं. काखेखाली वण घेऊन पोरगी घरी आली, दूध पचवू लागली. हौसा तिला तेल लावायला जायची. एका दुपारी परत आली ती हात न धुताच माझ्यासमोर बसली.

"आपल्यालाच कसं न्हाई म्हनले वो?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

"आपल्या दत्तूचं लई बिघडलं व्हतं," म्हणालो.

तिने तेलाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "व्हय. मीच उशीर केला. आधीच पुन्याला न्या म्हनाया पायजे व्हतं मी तुमास्नी."

मी चपला घातल्या आणि कामावर निघून गेलो.

पुढे कितीदा तरी ती हे बोलली — बायकांत, लेकीजवळ, शेवटच्या दुखण्यातसुद्धा. "मी उशीर केला." प्रत्येक वेळी मी तिथेच बसलेलो होतो.