अँटनी अंकलच्या गाडीची बॅटरी कोणी लावली

बाबू मास्तर आज सकाळी वारले. दुपारी मी पोटभर जेवलो.

सकाळपासून इथे ग्रुपवर त्यांच्यावर पोस्ट पडतायत. सगळ्यांची एकच स्टोरी. पाली गावातल्या लग्नात गाडी अडली, मास्तरने नुसता हात लावला आणि सुरू झाली.

त्या गाडीची वायरिंग माझी होती. आता माझं ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवघरला मास्तरचं गॅरेज होतं आणि तिथली इलेक्ट्रिकची सगळी कामं मी करायचो.

पालीच्या अँटनी अंकलनी त्यांच्या वडिलांची गोल पाठीची विलायती गाडी आणली. इंजिन पार जाम. कुर्ल्याच्या भंगारातून जपानी पेट्रोल इंजिन आणून बसवायचं ठरलं.

"मे महिन्यात ज्युलीचं लगीन हाय," अंकल म्हणाले. "ती ह्याच गाडीतून चर्चला जानार. दुसरी गाडी न्हाय."

मास्तरनी इंजिन बसवलं. झकास बसवलं, खोटं कशाला बोलू. पुढचं इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वायरिंग, माझ्याकडे आलं.

आता नीट वाचा, कारण सगळं भांडण इथेच आहे.

त्या जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता. नव्या इंजिनाला मायनस बॉडीला लागत होता. उलटं जोडलं की इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा जळालाच.

म्हणून मी आख्खी वायरिंग बदलली. प्लसच्या केबलला लाल फडकं बांधलं. बॉनेटच्या आत खडूने लिहून ठेवलं.

वर मास्तरना तोंडी सांगितलं, "उद्या चौदा एप्रिल, मी जयंतीला जातोय. परवा येईपर्यंत बॅटरी लावू नका."

"हो रे बाबा. मला शिकवतो काय?"

पंधराला गेलो तर गॅरेजमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास. डबा खलास, अल्टरनेटर खलास. लाल फडकं ऑइलच्या ट्रेमध्ये पडलेलं. आणि प्लसची केबल बॉडीला, घट्ट आवळलेली.

गॅरेजमधल्या पोराने सांगितलं, जयंतीच्या दिवशी अंकल आले होते. मास्तरना त्यांना इंजिन सुरू करून दाखवायचं होतं. ह्या गाडीची कामं वीस वर्षं तेच करायचे, त्यामुळे तिचा प्लस बॉडीला हे डोक्यात पक्कं बसलेलं. लावला तसाच.

चूक कोणाकडूनही होते. मी विसरलो असतो.

पण डबा जळल्यावर अंकलसमोर मास्तर बोलले, "संज्याने वायर उलट्या सोडल्या. ह्या लोकांना मिरवणुकीत नाचायला सांगा. इग्निशन ह्यांचं काम नाय."

हे लोक.

मी काय म्हणतोय ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आठवड्याभरात केबिन रोडच्या बाजारापर्यंत बातमी गेली. जिथून वायर घ्यायचो तो दुकानदार हसत म्हणाला, "क्या संजयभाय, प्लस-मायनस भूल गया?" माझी दोन कामं गेली.

काम सोडून गेलो असतो तर चूक माझीच होती हे कायमचं झालं असतं. गाडी माझ्याच वायरिंगवर चालली पाहिजे होती. म्हणून परत गेलो.

मास्तर म्हणाले, "आधी अंकलसमोर कबूल कर. मग हात लाव."

मी कबूल केलं. "अंकल, चुकलं माझं." जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

मग दुसरा डबा आणला, सगळं परत जोडलं. आणि डॅशबोर्डखाली एक चोर स्विच बसवला. तो बंद असला की स्टार्टर फिरतो, पण प्लगला करंट जात नाही. अंकलना लग्नानंतर दाखवणार होतो. मास्तरना सांगितलं नाही. मुद्दाम.

लग्नाच्या सकाळी पालीच्या गल्लीत गाडी फुलांनी सजवलेली. मास्तर नवा शर्ट घालून ड्रायव्हर सीटवर. मी आधीच स्विच बंद करून ठेवला होता.

चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. गाडी ढिम्म.

दहा मिनिटं. बॅण्डवाले थांबले. नव्या शर्टाला घाम फुटला. मास्तरनी बॉनेट उघडलं, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर चाचपला, मला जवळ बोलावलं.

"संज्या, काय केलंयस?"

"सांगतो. आधी अंकलना सांगा, बॅटरी कोणी लावली."

"ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे."

ते परत डिस्ट्रिब्युटर चाचपायला लागले. खूप मजा येत होती, आज कबूल करतो.

तेवढ्यात ज्युली दारात आली. पांढऱ्या ड्रेसमध्ये, रडवेली. "संजयदादा, होईल ना रे सुरू?"

तिने काय वाकडं केलं होतं माझं?

मी आत बसलो, स्विच दाबला, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

त्या क्षणी मास्तरचा हात डिस्ट्रिब्युटरवर होता. गल्लीने ते पाहिलं. टाळ्या पडल्या. अंकलनी मास्तरना मिठी मारली.

आणि मास्तर माझ्याकडे बघत सगळ्यांना म्हणाले, "वायरिंग जरा लूज होती."

दुसऱ्या दिवशी अंकलना स्विच दाखवला आणि खरं सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "मास्तरशी भांडू नको रं. त्याने माजी इज्जत राखली."

मी तोंड मिटलं. त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढलो नाही. मास्तर रस्त्यात दिसले तर हसायचे. मी हसलो नाही.

अंकल जाऊनही वर्षं झाली. त्यांच्यासाठी गप्प होतो, आता गरज नाही.

मघाशी मास्तरच्या मुलाचा फोन आला. "काका, तुम्ही पप्पांबरोबर एवढं काम केलंत. दोन शब्द लिहा ना."

लिहिले, बाळा. तुला राग येईल, मला माहीत आहे. तुझ्यावर माझा काही राग नाही.

मास्तर, हे सगळं तुमच्या तोंडावर, भर गल्लीत बोलायचं होतं. तुम्ही तेवढीही संधी न देता गेलात.

श्रद्धांजली.

भावपूर्ण बाकीच्यांनी लिहिलंय.